मुलांच्या आधीचा घास

मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी स्वयंपाकघरातून एक ताट मुख्याध्यापकांच्या खोलीत जातं. मुख्याध्यापकांनी सगळं खाऊन पाहायचं, बिघडलेलं काही नाही ना याची खात्री द्यायची, मगच भांडी वर्गांकडे निघतात. ओसाकातल्या कुठल्याही सरकारी शाळेत हीच रीत. काही झालंच तर मुख्याध्यापकांना होईल, मुलं वाचतील, असा त्यामागचा सरळ विचार, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही, मुख्याध्यापकांनासुद्धा.

तोयोहागी प्राथमिक शाळेच्या मिझोगुची फुमिएबाईंना तर दिवसातला हाच वेळ सर्वांत प्रिय होता. जेवणासाठी नव्हे. ताट आत गेलं की दारावर कुणी टकटक करत नाही, म्हणून. सकाळी फाटकापाशी उभं राहून एकेका मुलाला हाक मारण्यापासून जो दिवस सुरू व्हायचा, तो संध्याकाळपर्यंत दुसऱ्यांच्याच मालकीचा. संतापलेले पालक, शिक्षण मंडळाचे फोन, जिन्यात रडत बसलेली नवी शिक्षिका, व्यायामशाळेचं गळकं छत, आणि पलीकडच्या गल्लीतले आजोबा, ज्यांना पोरांच्या ढोलाचा आवाज दर बुधवारी नव्यानं ऐकू येई. या सगळ्यांना ताटाची मात्र भीड होती. सेन्सेई जेवताहेत, मग नको, असं म्हणून माणसं परत जात.

बाईंची कारकीर्द नाव घेण्यासारखी होती. मुख्याध्यापक म्हणून ही चौथी शाळा. पहिल्या शाळेत काचा टिकत नव्हत्या, दुसरीत शिक्षक, आणि तिसरीत तर मुलंच टिकत नव्हती. जिथे आग लागेल तिथे मंडळानं बाईंना धाडलं आणि बाईंनी ती विझवली. त्याबद्दल नोव्हेंबरात शहरातर्फे सन्मान व्हायचा होता, मार्चअखेर निवृत्ती होती. भेटेल तो म्हणे, "सेन्सेई, आता काय, उरलेले दिवस आरामात!" ज्यानं आयुष्यात शाळा चालवली नाही त्यालाच हे सुचावं. बाई हसून मान लववत. सुट्टीच्या दिवशी त्या दुपारपर्यंत झोपत आणि दमलेल्याच उठत.

एक गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. फेब्रुवारीत तापातून उठल्यापासून बाईंना वास येत नव्हता. वासाबरोबर चवही गेली. खारट, गोड एवढं जिभेला कळे. बाकी मिसोचं सूप काय नि कढत पाणी काय, सारखंच. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. शाळेचा नियम सोपा होता. मुख्याध्यापकांना जमत नसेल तर उपमुख्याध्यापकांनी चाखायचं. उपमुख्याध्यापक कायाशिमांना एका वाक्यात सांगितलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण मग ताट कायाशिमांच्या टेबलावर गेलं असतं आणि बंद दारही त्याच्यामागून गेलं असतं. उद्या सांगू, असं बाई रोज ठरवत.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी ताटात भात होता, तळलेला बांगडा, भोपळ्याची भाजी आणि दुधाचा खोका. बाईंनी सगळं संपवलं. स्वयंपाकघरात फोन करून म्हणाल्या, "छान झालंय." हे त्या रोजच म्हणत.

चौथीच्या वर्गात उराबे चिसे नावाच्या मुलीनं दुधाचा एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"ह्याला रबरी नळीसारखा वास येतोय."

चिसे फटकळ. भात गार झालाय, गाजर कच्चं आहे, खडू करकरतोय, असं तिचं रोज एक गाऱ्हाणं असे. शिक्षक म्हणाले, "चिसे, गुपचूप पी." मग शेजारच्या मुलानं खोका हुंगला, मग मागच्यानं, आणि बघता बघता अर्ध्या वर्गानं दूध खाली ठेवलं. काहींच्या पोटात दुखायला लागलं, एकजण ओकला. शाळाभराचं दूध थांबवण्यात आलं. पण तोवर पोरांनी रोजच्या शिस्तीनं आपापले खोके मोरीत ओतले, धुतले, उलगडून वाळत घातले होते. पुरावा असा लखलखीत घासून टाकलेला क्वचितच कुठे सापडेल.

त्याच आठवड्यात मंडळाचे एक अधिकारी आणि डेअरीचा माणूस बाईंच्या खोलीत येऊन बसले. संध्याकाळपर्यंत सगळी मुलं बरी होती, त्यामुळे दोघांचाही जीव भांड्यात पडलेला.

"आमच्या तपासणीत काही निघालं नाही," डेअरीवाला म्हणाला. "तुम्ही रोज जपून ठेवता तो नमुनासुद्धा चोख आहे."

"तो नमुना दुसऱ्या क्रेटमधला होता," कायाशिमा म्हणाले. ते उंच, वाकलेले, सतत कुठल्यातरी किल्ल्या शोधणारे. "चौथीच्या क्रेटमधलं फक्त सेन्सेईंचं दूध वेगळं काढलं होतं. ते त्या प्यायल्या."

"मग झालंच की! सेन्सेई, तुम्हाला काही वास आला?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला काही वास आला नाही."

वाक्य अक्षर न् अक्षर खरं होतं. बाईंनी ते तोंडातून जाऊ दिलं आणि त्याच्या मागे पुढचं वाक्य जोडायला त्यांचं तोंड उघडलं नाही. आता सांगायचं म्हणजे पुन्हा बैठक, पुन्हा चौकशी, पुन्हा उभं राहून मान लववणं. त्यांच्यात तेवढं त्राण नव्हतं.

"एकानं म्हटलं की सगळ्यांना होतं," अधिकारी सुस्कारा टाकून म्हणाले. "पोरांचं असंच असतं. ती पहिली मुलगी कोण म्हणालात?"

दूध निर्दोष होतं असं पालकांना कळवण्यात आलं. नाव कुठेच आलं नाही, पण शाळेजवळच्या बाजारगल्लीत सगळ्यांना नाव ठाऊक होतं.

आणि मग चिसेची आई चिसेला घेऊन आली. ती जेवणाचे डबे भरायच्या कारखान्यात काम करे. कामाची पांढरी टोपी काढायला विसरली होती. आल्या आल्या तिनं कमरेतून वाकून सुरुवात केली.

"आमच्या ह्या मुलीपायी साऱ्या शाळेला ताप झाला, सेन्सेई. तुम्ही स्वतः पिऊन पाहिलंत, आणि ही मात्र… काय सांगू! लोक मला रस्त्यात विचारतात. चिसे, बोल."

आईनं तिच्या मानेवर हात ठेवून डोकं खाली दाबलं.

"मी उगाच काहीतरी बोलले," चिसे जमिनीकडे बघत म्हणाली. "मला माफ करा. पण तो वास खरंच…"

"पण नाही!"

टेबलावरचा फोन वाजायला लागला. त्या दोघींनी लवकर जावं, एवढंच बाईंना त्या क्षणी वाटलं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी नीट विचार करून बोलायचं, हं."

चिसेनं वर पाहिलं. मुलं रागावून बघतात, रडवेली होऊन बघतात. पस्तीस वर्षांत बाईंनी सगळं पाहिलं होतं. हे तसं काही नव्हतं. हिनं त्यांच्याकडून जी काही आशा धरली होती ती काढून घेतली, इतकंच. बाईंनी फोन उचलला.

त्यानंतर वर्गात चिसेचं नाव 'नळी' पडलं. कुणी काही म्हणालं की पोरं ओरडत, "नळीला विचारा, वास येतोय का!" गाऱ्हाणी करणारी चिसे आता गप्प जेवायची, गार भातसुद्धा. सकाळी फाटकापाशी बाई म्हणत, "सुप्रभात, चिसे-सान," आणि ती बूट बघायला खाली वाकल्यासारखं करून पुढे जाई. बाईंच्या मनाला हे फार लागे. असं पोर शाळेबाहेर फेकलं जाऊ नये म्हणून तर त्या चार शाळांमधून झिजल्या होत्या, आणि ह्या पोराला त्यांनीच, आपल्या हातानं, दाबून बसवलं होतं. तरीही ताट आलं की त्या दार लावून घेत आणि जेवत.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर कायाशिमा सह्या घ्यायला आत आले आणि दारातच ओरडले.

"सेन्सेई! अहो, पेटलंय!"

बाईंच्या खुर्चीची उशी घरंगळून हीटरला टेकली होती. धुराची बारीक रेघ वर चालली होती आणि बाई शेजारीच बसून लिहीत होत्या. कायाशिमांनी प्लग उपटला, उशीवर चहा ओतला आणि मग ते एकदम थांबले.

"दारापर्यंत वास येतोय. तुम्हाला आला नाही?"

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"फेब्रुवारीपासून."

कायाशिमा पाहुण्यांच्या सोफ्यावर बसले. ओली उशी त्यांच्या मांडीवरच राहिली. "म्हणजे ते दूध…"

"गटाराचं पाणी दिलं असतंत तरी मी छान झालंय म्हटलं असतं."

"कुणाला सांगितलंत?"

"आत्ता. तुम्हाला."

"मग इथेच थांबू द्या. उद्यापासून ताट माझ्याकडे. पुढच्या महिन्यात सन्मान घ्या, मार्चला मोकळ्या व्हा. नवं वर्ष लागलं की पोरं सगळं विसरतात, सेन्सेई."

"चिसे?"

"चौथीतली पोर ती. फार तर मोठेपणी चहा बिनदुधाचा पिईल."

बाईंना हसू आलं, आणि हसू आलं याचा भयंकर राग आला.

"तिनं माझी माफी मागितली, कायाशिमा-सेन्सेई. आणि मी ती घेतली."

"बोललात तर मंडळ विचारील, आठ महिने काय करत होता. इतक्या वर्षांच्या कामावर पाणी पडेल. तुम्ही आधीच दमलाय हो. कशाला?"

"दमले होते म्हणूनच तर बोलले नाही."

कायाशिमांनी पुढे वाद घातला नाही. ते उशी खिडकीत वाळत घालत बसले. ती जळालेली उशी वाळवून काय करणार होते, कोण जाणे.

सोमवारच्या सकाळच्या सभेत मुख्याध्यापकांचं भाषण असतं. ऋतू, शिस्त, हात धुणे. ते कुणी ऐकत नाही आणि ऐकत नाहीत हे मुख्याध्यापकांना ठाऊक असतं. त्या सोमवारीही पोरं रांगेत एकमेकांच्या पायांवर पाय देत उभी होती. बाई माइकपाशी गेल्या.

"चौथीतली उराबे चिसे दुधाबद्दल खरं बोलत होती," त्या म्हणाल्या. "मला आजारपणापासून वास येत नाही, चव कळत नाही. हे मी लपवून ठेवलं. मी दूध ठीक आहे म्हणाले, म्हणून सगळ्यांनी तिला खोटं ठरवलं. खोटी मी होते. चिसे-सान, तुझी माफी मागते."

आणि व्यासपीठावरून त्यांनी इतकं वाकून नमस्कार केला की डोकं माइकवर आपटलं आणि मोठा आवाज झाला. कुणी हसलं नाही. पहिलीच्या रांगेतून तेवढा एक आवाज आला, "सेन्सेई, लागलं का?"

पुढचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. मंडळातून फोन आला, मग दुसऱ्या, वरच्या माणसाचा आला. प्रकृतीच्या कारणास्तव यंदा सन्मानातून आपलं नाव मागे घेत आहोत, असं अत्यंत आदरानं सांगण्यात आलं. डेअरीनं तपास पुन्हा उघडला. त्यातून काय निघालं ते शाळेला कधीच कळलं नाही. बाईंनी चिसेच्या आईला फोन केला, तर तीच पुन्हा माफी मागायला लागली. "आमच्यामुळे तुमचा सन्मान गेला, सेन्सेई!" तिला समजावता समजावता बाई घामाघूम झाल्या.

ताट आता कायाशिमांकडे जाऊ लागलं. बाईंची खोली त्या वेळेला तशीच रिकामी असायची. सवयीनं अजून कुणी येत नव्हतं. बुधवारी मात्र टकटक झाली. दारात चिसे होती, एकटी.

"सेन्सेई, एक विचारू?"

"ये ना. बस."

ती बसली नाही. "तुम्हाला चव कळत नव्हती, तर मग तुम्ही रोज आमच्या आधी का जेवत होता?"

बाईंपाशी उत्तरं भरपूर होती. जबाबदारी, नियम, मुलांना काळजी वाटू नये म्हणून. पालकसभेत एखाद्यानं विचारलं असतं तर त्यांनी तीच दिली असती.

"तेवढ्या वेळात दार कुणी वाजवत नाही," त्या म्हणाल्या. "मला तेवढंच हवं होतं."

चिसेनं दाराकडे वळून पाहिलं.

"म्हणजे ते आमच्यासाठी नव्हतं."

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी नव्हतं."

सन्मान गेला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आता आलं. चिसे त्यांच्याकडे बघत राहिली. रागावलेली दिसत नव्हती. खरं काय ते कळल्यावर माणूस जसा निवांत होतो तशी दिसत होती. मग मान लववून ती बाहेर गेली आणि तिनं दार हळूच ओढून घेतलं.

बाहेर धावत येणारी पावलं वाजली. पहिलीतली दोन पोरं होती, आवाजावरून. व्यायामशाळेच्या छपरावर कुणाचं तरी काहीतरी अडकलं होतं.

"आत्ता नका जाऊ आत," चिसेचा आवाज आला. "त्या दमल्यात."

"किती वेळ?"

"काय माहीत. खूप दमल्यात."

मिझोगुचीबाईंनी तोंड पुसलं, उठल्या आणि दार उघडलं.

"चला," त्या म्हणाल्या, "दाखवा कुठे अडकलंय ते."