शिकाऊ विमानातली उशी

मी एक जुनी उशी आहे, मित्रांनो. पण डोक्याखाली घ्यायची नव्हे, बुडाखाली घ्यायची. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेत, कपाटाच्या खालच्या खणात माझा मुक्काम असतो. थकले आहे, म्हणून दम घेत घेत सांगते.

सोफे शिवणाऱ्या एका कारागिराकडे माझा जन्म झाला. उरलेला कडक फोम आणि जाड निळं कापड, एवढंच माझं कुळ. इथल्या छोट्या विमानाची खुर्ची पुढे-मागे सरकते, वर होत नाही. ठेंगण्या शिकाऊंना विमानाच्या नाकापलीकडचं दिसावं म्हणून मला आणलं. सुरुवातीला कौतुक झालं. शिक्षकांनी मला थोपटलंसुद्धा! मग वर्षानुवर्षं माणसं नुसती बसत राहिली.

बसणाऱ्याची पारख मला चेहऱ्यावरून होत नाही, बैठकीवरून होते. जमिनीवर बढाया मारणारे हवेत गेले की लाकडासारखे ताठ होतात. आणि सगळ्यांचं सगळं ठरलेलं असतं हं! आधी गणित आणि भौतिकशास्त्र, मग डॉक्टरी तपासणी, हवामानाचे पेपर, उड्डाणाचे तास, परवाना आणि शेवटी मोठ्या कंपनीचं मोठं विमान. इतकं आखतात, त्यात उशी मात्र कुणीच आखत नाही.

एका तुकडीत सगळ्यांत ठेंगणी मुलगी होती. तिला सगळे लवंगी म्हणत. पेपर तिने पहिल्याच फटक्यात काढले होते. रोज मला काखोटीला मारून ती विमानाकडे निघायची. तुकडीतला एक उंच मुलगा, त्याचं नाव पडलं होतं खांब, एकदा सगळ्यांसमोर म्हणाला,

"काय लवंगी, आज आसनासकट? मुलाखतीलाही हिला नेणार का?"

"तू आधी दारातून डोकं न आपटता ये," ती म्हणाली.

उत्तर चोख होतं, पण माझ्यावरची तिची पकड ढिली झाली. त्या दिवसापासून खांब आसपास असला की मी कपाटात. तो नसला की मी खुर्चीवर.

आणि तिचं उतरणं बिघडलं. एक दिवस विमान अलगद टेकायचं, दुसऱ्या दिवशी दाणकन आपटायचं. बरोबरीची मुलं एकेकटी उडून आली, हिला परवानगीच मिळेना. शेवटी शिक्षक म्हणाले, "उद्या शेवटचं बघू. नाहीच जमलं तर बाबांना बोलावून दुसरी लाइन बघायला सांगतो. उगाच आशेवर ठेवण्यात अर्थ नाही, बाळा."

दुसऱ्या दिवशी नेमका खांब दारातच उभा. मी कपाटातच राहिले. थोड्या वेळाने लवंगी धावत आली आणि मला ओढून घेऊन गेली. मला वाटलं, सुचली एकदाची अक्कल! कसलं काय. शिक्षक विमानात कंबर धरून बसले होते, त्यांनीच मला मागवलं होतं.

"आपटून आपटून मणके हलवलेस गं माझे. टाक ती इकडे."

ते माझ्यावर बसले आणि त्यांनी समोर बघितलं.

"समोरचं सगळंच खाली गेलं की! तू हिच्यावर बसतेस ना?"

"कधी कधी, सर."

"कधी कधी म्हणजे?"

"खांब नसला की."

शिक्षकांनी डोळे मिटले. "अगं, उतरताना जमीन किती खाली आहे ते डोळा ठरवतो. तू डोळाच रोज वर-खाली करतेस, मग हातांनी काय करायचं? आणि मीही कसला शहाणा! तुझे हातच बघत राहिलो. ऊठ, घे ही."

मला तिच्याखाली सारून ते पुन्हा शेजारी बसले. विमान अलगद टेकलं. पुन्हा टेकलं. मग शिक्षक कण्हत खाली उतरले आणि म्हणाले, "जा आता एकटी."

ती गेली आणि नीट परत आली. तेव्हा माझ्यावर ती इतकी हलकी बसली होती की मला क्षणभर वजनच लागलं नाही.

पुढे ती मोठ्या विमानावर गेली. तिथली खुर्ची म्हणे हवी तेवढी वर होते. माझी कुणाला आठवण? माझी शिवण उसवली आहे, फोम दबून पार चपटा झाला आहे. कालच एक नवी मुलगी माझ्यावर बसली. मान ताणताणून बघत होती बिचारी. तिला वाटतंय, उशी घेतली म्हणजे झालं.

मित्रांनो, माझी कीव करू नका, माझा फोम बदला. तेही होत नसेल तर मला टाकून सरळ नवी उशी आणा. मी रुसणार नाही. त्या मुलीला समोरचं दिसलं पाहिजे.