मुद्देमाल झालेला पट्टा

मित्रांनो, मी एक जुना कमरेचा पट्टा आहे आणि माझ्यावर एका तरुणाचा जीव घेतल्याचा आळ आहे. सध्या मुक्काम पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत, लाखेचं सील ठोकलेल्या कापडी पाकिटात. शेजारी एक सुरा असतो. तो खरोखरचा गुन्हेगार असल्यामुळे निदान शांत झोपतो.

चामडं साधं, तपकिरी. बकल त्याहून साधं. माझे साहेब नुकतेच फौजदार झाले तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं मला आणलं. "गणवेश सरकारचा, पण घरच्या पँटला आमचा पट्टा लाव. घरी आल्यावर तरी माणसात येशील," ताई म्हणाल्या. साहेब तेव्हा इतके सडपातळ होते, की सगळ्यात आतल्या भोकातही मी सैल पडायचो.

साहेब मनानं भले होते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला ते पटणार नाही. त्यांच्या पहिल्याच ठाण्यात एका संशयितानं कोठडीत स्वतःच्या पट्ट्यानं गळफास घेतला. त्या दिवशी साहेब घरी येऊन मला हातात धरून बसून राहिले. जेवलेसुद्धा नाहीत. मग त्यांनी नियम केला: कोठडीच्या दारातच पट्टा काढून पेटीत ठेवायचा, आणि नंतर ज्याचा त्याला किंवा त्याच्या घरच्यांना परत द्यायचा. नियम गाजला, शहरभर लागू झाला. साहेबांना पदक मिळालं, बढती मिळाली, आणि मग बढत्यांची सवयच लागली.

दर बढतीला मला एक नवं भोक पडायचं. बाईसाहेब विचारायच्या, "अहो, हुद्दा वाढतोय की पोट?" कोपऱ्यावरचा चप्पल शिवणारा तर एकदा म्हणाला, "साहेब, चामडं संपलं. आता पुढचं भोक पोटालाच पाडावं लागेल." साहेब पोट धरून हसले. तेव्हा ते हसायचे. शहराचे पोलीस प्रमुख झाले आणि हसणं बंद झालं. फोन वाजला की पोट आत घ्यायचे. खुर्चीसाठी माणूस काय काय आत घेतो, ते मला आतून ठाऊक आहे.

मग ती सुट्टीची सकाळ आली. साहेब घरच्या कपड्यांत, मी कमरेला. ठाणेदार घाम पुसत बंगल्यावर आले. एका बड्या घरची सायकल चोरीला गेली होती, म्हणून पोलिसांनी सायकली दुरुस्त करणाऱ्या एका पोराला उचललं होतं. चौकशी जरा मनापासून झाली आणि पोरगा कोठडीतच गेला.

"पंचनाम्यात लिहिलंय साहेब, स्वतःच्याच पट्ट्यानं गळफास घेतला. पण... पट्टा नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"दारातच काढून घेतला होता. आणि आमच्या कारकुनानं तो चपलांबरोबर त्याच्या आईला परतसुद्धा दिला. नियमच आहे ना साहेब. तुमचाच."

"मग मागून घे!"

"देत नाही ती. छातीशी धरून फाटकाबाहेर बसलीय. आणि न्यायाधीश पाहणीला निघालेत."

"मग तुझा दे!"

"माझ्या पट्ट्यावर सरकारी बिल्ला आहे, साहेब. सगळ्यांच्याच आहे." ठाणेदारांची नजर हळूच माझ्यावर आली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "प्रकरण आज मिटलं पाहिजे. जमत नसेल तर सांगा, तुमच्या जागी माणूस तयार आहे."

साहेबांचा हात बकलाशी आला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मी अडून बसलो. बकलाची जीभ भोकात घट्ट रुतवली. त्यांनी हिसका दिला. क्षणभर मला तसंच हातात धरलं, त्या जुन्या दिवसासारखं. मला वाटलं, आता आठवेल. आता तरी आठवेल.

त्यांनी मला ठाणेदारांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मुद्देमाल खोलीचा हवालदार पेपर मोठ्यानं वाचत होता. साहेब पत्रकारांसमोर एक हात खिशात घालून किती निर्धास्त उभे होते, असं त्यात छापलं होतं. निर्धास्त कसले! तो हात पँट सावरत होता.

आता ती आई रोज खिडकीशी येते. "हा बघा माझ्या पोराचा पट्टा. हा माझ्या हातात आहे, मग त्याला फास कशाचा लागला?"

"मावशी, साहेबांना विचारा."

"साहेब म्हणतात, ठाण्यात विचारा."

भिंतीच्या अलीकडून मी जीव तोडून ओरडतो. पण चामड्याला गळा नसतो, आणि ती निघून जाते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्हा वस्तूंनी 'आमची निगा राखा' म्हणायचं असतं. माझी नका राखू. मला तेल नको, पॉलिश नको. इथे एक उंदीर आहे. पाकीट कुरतडून तो आत आलाय आणि नेमका भोकांच्या टोकापासून सुरू झालाय. तो शेवटच्या भोकापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी हे सील फोडा. तिथलं चामडं पोटानं ताणून ताणून चिरलंय. त्या पोराच्या कमरेला मी दोनदा गुंडाळला गेलो असतो. त्या आईच्या हातातल्या पट्ट्याशेजारी मला ठेवा आणि माप घ्या. आधी त्या पोराच्या कमरेचं. मग साहेबांच्या.