माळावर निरंक

माझी जीभ तिखट हाय, हे मला कोणी सांगायची गरज न्हाई. "उचलली जीभ, लावली टाळ्याला," असं आमचे मालक म्हणायचे. मालक म्हंजे किसनराव. मागच्या फाल्गुनात गेले. मी पार्वतीबाई, गावची सरपंच. आमचं गाव जवळा बाजारपासून आत, आन् आमच्याच पंचायतीत माळाच्या पायथ्याला एक तांडा हाय. ही गोष्ट त्या माळाची हाय.

झालं काय, वरून कागद आला. गावात कोणती झाडं, कोणते पक्षी, कोणतं जनावर, सगळ्याची एक नोंदवही करा, आन् गावातला निसर्ग वाढवायचा आराखडा द्या. वैजनाथ आमचा ग्रामसेवक. पोरगं हुशार, पण भित्रं. तो वही घेऊन बसला. चिंच किती, लिंब किती, ओढ्याला बगळे येतात का, सगळं विचारलं. मग म्हणाला, "ताई, गायरान माळावर काय लिहू?"

"माळावर काय हाय? धोंडे आन् कुसळं. लिहा निरंक."

त्यानं लिहिलं. खाली मी सही ठोकली.

आन् आराखड्यात लिहिलं की त्याच माळावर तीन हजार झाडं लावायची. खरं सांगते, हे माझं स्वतःचं स्वप्न होतं. मालकांच्या नावानं हिरवंगार वन करायचं होतं. पाटीसुद्धा रंगवून आणली होती, 'किसनराव स्मृतिवन'. ती वटीवर भिंतीला टेकून ठेवली होती, आन् येता-जाता मी तिच्यावरची धूळ पदरानं पुसायची. माणूस गेल्यावर करायला काही तरी लागतं. मला हे लागत होतं.

श्रावण लागला आन् ग्रामसभा बसली. सोमवारी मशीन येणार, खड्डे पडणार, हे मी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून तांड्याची रूपाबाई उठली. सत्तरीची म्हातारी, अंगात अजून जुनी कशिद्याची चोळी.

"सरपंचबाई, तिथं खड्डे नका करू. तिथं त्याचा वाटा हाय."

"कोणाचा वाटा? गायरानात कोणाचा वाटा आला?"

"उडीवाल्याचा."

सभा खो खो हसली. मला मात्र हसू आलं न्हाई, माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "रूपाबाई, तुमच्या जनावरांचं गवत जाईल म्हणून सांगून राहिल्या ना तुमी? मग तसं सरळ सांगा. उडीवाला-बिडीवाला काहून आणता मधी?"

ती म्हातारी चिडली न्हाई. नुसतं म्हणाली, "एक बार सकाळी येऊन बघा. मग खोदा. मी आडवी येणार न्हाई."

आता सभेत एवढं बोलल्यावर न जाऊन कसं चालंल? सोमवारी मशीन यायच्या आधी एकदाची तिची हौस फेडावी, आन् तिचं तोंड बंद करावं, म्हणून मी दिवस उगवायला माळावर गेले. तीस वर्षं झाली या गावात नांदून. माळाच्या कडेला आमचं वावर हाय. पण बांध ओलांडून वर म्हणून कधी गेले नव्हते. जाऊन करायचं काय?

गवत छातीला लागत होतं. दहा पावलात लुगडं दवानं चिंब. मी कुरकुर करत होते आन् रूपाबाई पुढं चालत हातानं गवत बाजूला सारत सांगत होती, ही पवन्या, ही मारवेल, हे जनावर खात न्हाई पण घरावर टाकायला चांगलं. मला सगळं गवत एकच दिसत होतं. थोडं थांबले, नीट बघितलं, तर खरंच एकाचं कणीस तांबूस, एकाचं रुपेरी, एक नुसतं वास मारत होतं, गोड वास. खाली इवलीइवली निळी फुलं. माझ्या लुगड्यावर पाच-सहा तऱ्हेचे नाकतोडे. वर चंडोल गात होता आन् कुठं हाय ते दिसत नव्हता. मी बोलायची थांबले. मी आपण होऊन गप बसले, हे गावात कोणाला खरं वाटणार न्हाई.

एक मोठा धोंडा होता. त्याच्या आडोशाला रूपाबाईनं मला बसवलं. "हलू नका. त्या बाजूला बघा."

बघत राहिले. काही न्हाई. पाय मुंग्या येऊन बधिर झाले. आता उठते म्हणणार, तेवढ्यात गवतातून एक काळं पाखरू सरळ वर उडालं.

उडालं म्हंजे उडून गेलं न्हाई. उभंच्या उभं वर आलं, पुरुषभर उंच. पंखावर पांढरा डाग, डोक्यामागं लांब तुरे, आन् पंखांचा कर्रर्र आवाज. वर क्षणभर थांबलं आन् पाय सोडून खाली गवतात पडलं. परत वर. परत खाली. परत वर!

"अगं बाई," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मी मोजायला लागले. तीसपर्यंत मोजलं, मग सोडून दिलं. सूर्य वर आला तशी त्याच्या तुऱ्यांना चमक आली. एवढ्या मोठ्या माळावर तो कोंबडीएवढा जीव, आन् दमतच नव्हता. माझ्या डोळ्यांना पाणी लागलं. काहून, ते आजबी सांगता यायचं न्हाई. देवळात कधी इतके हात जोडले गेले नव्हते, तसे आपसूक जोडले गेले.

"तणमोर म्हणतात त्याला," रूपाबाई कानाशी बोलली. "मादी गवतात लपलेली असते. तिला दिसावं म्हणून उडी मारतं. आमची सासू सांगायची, गवत कापताना त्याचा वाटा सोडायचा, दिवाळीपर्यंत विळा लावायचा न्हाई. माझ्या माहेराला, कळमनुरीकडं, माळावर झाडं लावली. झाडं आली, पण हे गेलं. झाडीत ते राहत न्हाई बाई."

मी परत गवताकडं बघितलं.

"तुमचे मालक इथंच बसायचे," ती म्हणाली. "याच धोंड्यावर. दर श्रावणात."

"कोण? आमचे?"

"तेच तर त्याचा वाटा आखायचे. ते बघा दगड."

गवताच्या कडेनं दगड होते. ओळीनं मांडलेले. चुना दिलेला, पण पावसानं धुपून आता नुसते मळकट डाग राहिलेले. या वर्षी कोणी चुना दिलाच नव्हता.

दर वर्षी आषाढात मालक हाताला चुना लावून घरी यायचे. मी विचारायची, "कुठं बरबटून आला?" ते हसायचे. एकदा म्हणाले होते, "पारू, चल माळावर. तुला एक दाखवतो." आन् मी काय म्हटलं? "सोयाबीनात तण माजलंय, आन् तुमाला हिंडायचं सुचतंय!" पुन्हा त्यांनी कधी बोलावलं न्हाई. काखेत कळसा आन् गावाला वळसा, तसं माझं झालं. ज्या जागेवर त्यांचा जीव होता, तीच जागा मी त्यांच्याच नावानं खणायला निघाले होते.

तिथूनच मशीनवाल्या दिपकला फोन लावला. "मशीन हाय तिथं उभं कर. एक दात जरी माळाला लावलास तर माझ्याशी गाठ हाय."

रूपाबाईला घेऊन तशीच पंचायतीत गेले. वैजनाथ घाबराघुबरा झाला. "ताई, आराखडा वर गेलाय!"

"वर गेला तर खाली आणा. झाडं ओढ्याच्या काठी आन् रस्त्याच्या कडेनं लावू, तिथं लागतातच. आन् ती वही काढा."

"वहीत खाडाखोड चालत न्हाई, ताई."

"माझी चूक हाय, माझीच सही घ्या."

त्यानं 'निरंक'वर बारीक रेघ मारली. बाजूला लिहायला बसला. रूपाबाई सांगत गेली, तो लिहीत गेला. पवन्या, मारवेल, चंडोल, खोकड, लांडगा, ससा, तणमोर. पान संपलं, दुसरं जोडलं. माहिती देणाराचं नाव लिहायच्या जागी रूपाबाईनं अंगठा दिला. मी वैजनाथला म्हटलं, "तिच्या खाली किसनराव लिहा." तो माझ्याकडं बघत राहिला, पण लिहिलं त्यानं.

दुपारी पाखरं गवतात निवांत बसलेली असतात, असं रूपाबाईनं सांगितलं होतं. बादलीत चुना कालवला आन् मी एकटीच माळावर गेले. एकेक दगड धुतला, एकेकाला चुना दिला. बोटं चरचरली.

घरी आले तर दोन्ही हात पांढरे. उंबऱ्यात जरा वेळ उभी राहिले. कुठं बरबटून आलीस म्हणून विचारायला घरात कोणी नव्हतं.