मोज्यावरचा रंग

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. घाबरू नका, खरा नाही; प्लास्टिकचा आणि रबराचा, डावा, गुडघ्याखालचा. सध्या हमरापूरला, घरातच असलेल्या एका गणपतींच्या कारखान्यात वरच्या फळीवर पडून असतो. कामाच्या पायाला कोणी फळीवर ठेवत नाही, यावरून काय ते समजा.

माझा जन्म रोह्याच्या कृत्रिम पायांच्या केंद्रातला. रामवाडीजवळ हायवेवर ट्रकखाली माझ्या मालकाचा, महिपतीचा पाय गेला होता. पाय बनवणाऱ्या रोशनी मॅडमनी उरलेल्या पायाला ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून साचा घेतला, तेव्हा तो हसला.

"म्याडम, ह्ये तर माझंच काम!"

महिपती गणपतीचे साचे भरणारा. मॅडम म्हणाल्या, "मग काका, तुम्हाला वेगळं काय सांगू? पाय हळूहळू बारीक होईल. ढिलं वाटलं की लगेच या."

सुरुवातीला माझे फार लाड झाले. मूर्ती उचलून महिपती कारखानाभर फिरायचा. लोक म्हणायचे, कुठला पाय खोटा ते ओळखूच येत नाही. त्याची छाती फुगायची, माझीही फुगली असती.

मग खरंच पाय आटला आणि मी डुगडुगू लागलो. पण गणपतीची चवथ तोंडावर आलेली. ऐन सीझनला रोह्याला कोण जाणार? महिपतीने त्याला येत होतं तेच केलं. प्लास्टरमध्ये काथ्या कालवला आणि माझ्या आत थापला. तडकलेली मूर्ती तो अशीच सांधतो. मूर्तीला दुखत नाही, एवढाच फरक. मी घट्ट बसलो, तो खूश झाला. प्लास्टरची एक कड त्याच्या हाडाला घासत होती, ते मला कळत होतं. पण पायाला तोंड नसतं.

माझ्या आत घालायचा मोजा त्याची बायको गिरजाबाई धुवायची. एका संध्याकाळी तिला लाल डाग दिसला.

"अवो, रगत हाय ह्ये!"

"काय नाय गो, रंग लागला असल."

कारखान्यात लाल रंगाला काय तोटा? तिने मोजा धुतला. दुसऱ्या दिवशी डाग त्याच जागी. पुढे तो मोठा झाला.

"रंग काय रोज एकाच जागी सांडतो?" असं म्हणून तिने मला पिशवीत कोंबलं आणि रोह्याची गाडी धरली. मागून महिपती कुबड्यांवर, कुरकुरत. पायच पिशवीत, मग करतो काय?

जखम बघून मॅडमचा आवाज चढला. "अजून थोडं थांबला असता तर गुडघाही कापावा लागला असता! मूर्ती बदलली तर साचा बदलता ना, काका? मग पाय बदलला तर?"

महिपती खाली मान घालून बसला. "सीझन हुता," एवढंच म्हणाला.

सीझन गेलाच. जखम भरेपर्यंत तो ओट्यावर बसून दुसऱ्यांनी भरलेल्या मूर्ती टेम्पोत चढताना बघत राहिला. गुडघा मात्र राहिला. पुढे नवा पाय आला आणि मी फळीवर आलो, पोटात तेच प्लास्टर घेऊन. वाईट वाटतं का? वाटतं. पण नवा त्याला टोचत नाही, हे बघून बरंही वाटतं.

आता रोज संध्याकाळी गिरजाबाई मोजा उलटा करून दिव्याखाली धरते.

"काय गो, रंग?" महिपती विचारतो.

"नाय. पांढरा हाय."

मग दोघं जेवायला बसतात.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, असं माझ्यासारखे सगळेच सांगतात. तीही घ्या. पण दुखत असेल तर दुखतं म्हणा. त्याला रंग म्हणू नका.