मचानावरचे अठ्ठावीस दिवस

"मी एकदा मचानावर बसलो ना, तर पाखरू सोडा, पाखराची सावलीबी माह्या वावरात पडणार नाई!"

गुलाबरावांनी उंद्री गावच्या चहाच्या हॉटेलासमोर उभं राहून हे जाहीर केलं, आणि नुसतं बोलून भागणार नाही म्हणून कमरेची गोफण सोडली. गोटा घातला, डोक्यावरून तीनदा गरगर फिरवली आणि समोरच्या बाभळीवरच्या कावळ्यावर नेम धरून सोडली. कावळा समोर होता, गोटा मागं गेला. हॉटेलातली शेवेची बरणी फुटली. कावळा खाली उतरला आणि शेव खाऊ लागला.

भांडण पेपरावरून लागलं होतं. सन त्र्याहत्तरची दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. शाळेचे भगवानराव मास्तर चिखलीहून आलेला शिळा पेपर रोज हॉटेलात मोठ्यानं वाचायचे. त्या दिवशी बातमी अशी होती की, अमेरिकेनं आभाळात जे घर टांगलंय, स्कायलॅब नावाचं, तिथं तीन माणसांची तिसरी खेप राहायला गेली.

"काय करतात जी ते वर?" जानरावांनी विचारलं. जानराव म्हणजे गुलाबरावांचा बांधाला बांध लागलेला शेजारी. बोलायचा कमी, पण बोलला की बाभळीचा काटा.

"प्रयोग," मास्तर म्हणाले. "वर माणसाले झोप येते का, जेवण पचते का, ते तपासतात."

"म्हंजे वर माणूस कसा राह्यते हे पाह्यासाठी माणूस वर धाडला?"

"हाव."

"मंग धाडलाच नसता, तर काय पाह्या लागलं असतं?"

मास्तरांनी पेपर उलटून पाहिला. मागच्या पानावर उत्तर नव्हतं, केसांच्या तेलाची जाहिरात होती.

"पहिल्या खेपेनं तर घरच दुरुस्त केलं," ते घाईनं म्हणाले. "वर जाता जाता घराचं कवच उडालं होतं. आत नुसती भट्टी. मंग त्याईनं वर जाऊन छत्री लावली."

"छत्री लावाले आभाळात गेले?" जानराव बशी खाली ठेवत म्हणाले. "अन गेल्या साली दुष्काळात आपल्याले त्याईचीच लाल मिलो ज्वारी खाऊ घातली, जनावर तोंड लावत नव्हतं तिले. अरे, माणूस कायले पायजे वर? यंत्र धाडा. माह्या वावरात बुजगावणं उभं हाये. ना चहा मांगत, ना बिडी. अन गुलाबराव, तुमीबी यंदा बुजगावणंच लावा. मचान, माणूस, हे सारं फुकट खर्चाचं काम."

हे गुलाबरावांच्या वर्मी लागलं. पाखरं राखणं हा त्यांच्या घराण्याचा मान. आज्यानं राखली, बापानं राखली. आणि माणूस नको म्हणजे काय? उद्या म्हणतील, गुलाबराव नको!

"पहिली खेप किती दिवस राह्यली, मास्तर?"

"अठ्ठावीस."

"मंग लेहून घ्या. अठ्ठावीस दिवस मी खाली पाय ठेवणार नाई. ज्वारी निघाल्यावरच उतरन."

त्यानंतर ते पाखराच्या सावलीचं बोलले आणि त्यानंतर बरणी फुटली.

घरी बायकोनं, तानाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. सावलीबिवलीशी तिला कर्तव्य नव्हतं. तिला बियाणं पाहिजे होतं. त्यांच्या वावरात उभी होती ती साधी ज्वारी नव्हती. ती हुरड्याची जुनी, गोड ज्वारी. दाणा टपोरा, चव अशी की खाणारा दुसरा घास घेताना बोलत नाही. दुष्काळात साऱ्या गावानं आपलं बी खाऊन टाकलं. तानाबाईनं मात्र कणसांच्या चार जुड्या आढ्याला टांगल्या, खालून चुलीचा धूर दिला, आणि घरातल्या घरात लाल मिलो गिळत त्या जुड्यांकडं पाहत वर्ष काढलं. एकदा गुलाबराव रात्रीचे शिडी घेऊन उठले होते, तेव्हा तिनं शिडीच फोडून चुलीत घातली. आता ते बी दीड एकरात उभं होतं. पंचक्रोशीत दुसरीकडं कुठं तिचा दाणा नव्हता.

"दोन पायल्या बी घरात आलं पायजे," ती म्हणाली. "ते गेलं तर ही ज्वारीच गेली. अजी, एक बुजगावणं लावू, डबडं बांधू. तुमचा लग्नातला कोट हाये तसाही उंदरानं खाल्लेला."

"माहा कोट? बुजगावण्याले? तू चिंता नको करू वं. मी हाये ना वर!"

"त्याचीच चिंता हाये."

साधं मचान असतं पुरुषभर उंचीचं. गुलाबरावांनी ते तिप्पट उंच केलं, कारण आभाळातलं घर उंच असतं. सागाच्या बल्ल्या आणायला बैलगाडी थेट वावरात घालावी लागली. ज्वारीच्या पंधरा ओळी चाकाखाली गेल्या. खड्डे खणणारे, दोर ओढणारे, 'जरा डावीकडं घ्या' म्हणणारे असे मिळून बारा गडी दोन दिवस नाचले. त्यात आणखी दहा ओळी गेल्या. पाखरांनी एवढं नुकसान करायला पंधरा दिवस घेतले असते, आणि तेही जेवणाच्या सुट्टीशिवाय.

पहिल्याच दिवशी वाऱ्यानं छप्पर नेलं. गुलाबराव खूश झाले. "मास्तरले सांगा, आपलंबी कवच उडालं!" असं वरून ओरडून त्यांनी छत्री मागवली. विहिरीवरचं चाक आणून मचानाला बांधलं, त्यावरून दोर सोडला, दोराला टोपली. टोपलीतून वर जायचं: पाणी, भाकरी, ठेचा, चहाची किटली, तंबाखू, चुना, चुना विसरला म्हणून पुन्हा टोपली, घोंगडी, आरसा. खाली काय यायचं ते तानाबाईनं कुणाला सांगितलं नाही. पण दोन्ही कामांना टोपली एकच आहे हे कळल्यावर तिनं दुसरी टोपली आणली.

वरचा दिवस मोठा कामाचा होता. सकाळी पाणी ओढायचं. मग बल्ल्यांचे ढिले दोर आवळायचे. मग ऊन फिरेल तशी छत्री फिरवायची. जेवण, त्यानंतर खाली पडलेला तांब्या वर ओढायचा. संध्याकाळी पुन्हा दोर. या सगळ्यातून वेळ उरला तर पाखरं. दिवसाला सातेक गोटे सुटायचे. पाखराला एकही लागला नाही, पण बांधापलीकडं जानरावांच्या बुजगावण्याचं मडक्याचं डोकं चौथ्या दिवशी फुटलं. बाराव्या दिवशी दुसरं.

"गुलाबराव!" जानराव खालून ओरडले. "माह्या गड्याचं डोकं काऊन फोडून राह्यले बे?"

"पाखरावर सोडला होता!"

"मंग पाखरालेच सांगा, माह्या गड्याच्या आंगावर बसत जा. तुमी नेम धरता तीच एक बिनधोक जागा हाये!"

खरं संकट मात्र पाखरांचं नव्हतंच. ते होतं माणसांचं. उंद्रीत उंच मचानावर माणूस राहतो, खाली उतरत नाही, ही बातमी चिखलीपासून देऊळघाटापर्यंत गेली. लोक पाहायला येऊ लागले. आणि हुरड्याच्या दिवसात वावरात आलेल्याला हुरडा खाऊ घातल्याशिवाय सोडणं म्हणजे घराण्याचं नाक कापणं. गुलाबराव वरून कुणीही दिसलं की हात हलवायचे.

"या, या! बसा! आगटी पेटवा रे! अवो, पाहुण्याईले कणसं मोडा!"

"पाहुणे कोठले हो ते?" तानाबाई विचारायची.

"कोणाले ठाऊक! पण पाह्याले आले ना मले?"

शेणकुटांची आगटी एकदा पेटली ती विझलीच नाही. लोक यायचे, मान वर करून विचारायचे, "कसं वाटते जी वर?" गुलाबराव सांगायचे, "वारा लागते." तेवढं ज्ञान घेऊन लोक खाली बसायचे आणि शेर-दीड शेर हुरडा चटणीबरोबर खाऊन जायचे. भगवानराव मास्तरांनी तर वहीच उघडली. त्यात गुलाबरावांची झोप, भूक आणि शौच रोज लिहून घ्यायचे. पाखरांचा रकाना होता, पण तो मोकळा राहिला. लिहायला मास्तर रोज यायचे आणि रोज खायचे.

सतराव्या दिवशी तालुक्याचे एक साहेब जीप घेऊन आले. जीप बांधावर थांबवावी असं कुणी म्हणेपर्यंत ती मचानाखाली आली होती. साहेबांनी वर पाहिलं, "उत्तम उपक्रम" म्हणाले, सोबतच्या सहा जणांनी हुरडा खाल्ला, दोन पिशव्या घरी नेल्या आणि जीप वळवायला जागा पाहिजे म्हणून आणखी ज्वारी आडवी केली. गुलाबरावांनी वरून सलाम ठोकला. सलाम ठोकताना तांब्या पडला तो जीपच्या टपावर. साहेबांना तो मानाचा तोफगोळा वाटला. त्यांनी मागं वळून हात हलवला.

बाविसाव्या दिवशी बुजगावण्याचं तिसरं मडकं फुटलं. जानराव यावेळी ओरडले नाहीत. सरळ तानाबाईकडं गेले. ती म्हणाली, "मडकं मी देते, भाऊ. बसवूनबी मीच देते." गुलाबरावांना वरून दिसलं, बायको डोक्यावर मडकं घेऊन शेजाऱ्याच्या वावरात चाललीय. त्यांना वाईट वाटलं. आपली बायको, आणि त्या गवताच्या माणसाची सेवा करते!

"तानाबाई! इकडं भाकरी कवा येते?"

"येते! या बाप्प्याची मुंडी नीट बसू द्या आंदी!"

दुसऱ्या दिवशी जानरावांनी मास्तरांसमोर गुलाबरावांकडून शपथ घेतली: उगवतीच्या दिशेला, म्हणजे जानरावांच्या वावराकडं, आता गोटा सुटणार नाही.

त्यानंतर गुलाबरावांच्या लक्षात आलं की पाखरं येतच नाहीत. ना चिमणी, ना राघू. त्यांनी वरून आरोळी दिली, "पाह्य वं! एकबी पाखरू हाये काय? सांगितलं होतं ना मी!"

तानाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "येतीन कायले ते? त्याईले काय ठेवलं तुमी?"

गुलाबरावांनी तेवीस दिवसांत पहिल्यांदा पाहुण्यांऐवजी ज्वारीकडं पाहिलं. दीड एकरात धांडे उभे होते, कणसं नव्हती. गाडीची वाट, जीपची वाट, टोपलीची वाट, आणि मधोमध आगटीचा काळा गोल, अंगणाएवढा. त्या रात्री छत्रीखाली ते जागेच होते. आढ्याच्या जुड्या आठवत होत्या, चुलीत जळलेली शिडी आठवत होती. उतरावं असं दहादा वाटलं. पण अठ्ठावीस म्हटलं होतं.

अठ्ठाविसाव्या दिवशी सारं गाव आलं. हलगी आली, हार आला. गुलाबरावांचे पाय इतके आखडले होते की शिडी उतरता येईना. मग चाकावरून, टोपलीत बसवून, चार जणांनी दोर सोडला. टोपली चुकीची निघाली, दुसरी, पण तोवर ते बसले होते. जमिनीवर पाय टेकला आणि ते कोसळले. मास्तरांनी वहीत लिहिलं: "उतरल्यावर चालता येत नाही." अठ्ठावीस दिवसांत हाती आलेलं ज्ञान ते एवढंच.

"तर गुलाबराव," जानराव म्हणाले, "माह्या वावरात साध्या ज्वारीचे आठ पोते झाले. बुजगावण्याचा खर्च: तीन मडके, तेबी तुमी फोडले म्हणून. तुमचं किती?"

गुलाबरावांनी हार काढून हातात घेतला. हलगी थांबली.

"वं," ते तानाबाईला हळूच म्हणाले. "बी गेलं ना?"

तानाबाईनं त्यांच्या हातातला हार घेतला. मग म्हणाली, "बांधाच्या कडंनं आंदी पिकलेले कणसं होते. मी बाविसाव्या दिवसापावतर गुपचूप खुडले. झोडून दोन पायल्या झाल्या."

"कोठी हाये?"

"घरी ठेवलं असतं, तर तुमी वरून हुकूम सोडला असता, पाहुण्याईले घरातलं आण म्हणून. मंग मी अशा जागी ठेवलं जेथी कोणी हुरडा मांगत नाई." तिनं बांधापलीकडं बोट केलं. "त्याच्या डोक्यात. वरून शेणमातीनं लिंपून टाकलं."

सगळ्यांनी तिकडं पाहिलं. बुजगावणं हात पसरून उभं होतं. आणि अंगात, गुलाबरावांना आता ओळखू आला, त्यांचा लग्नातला कोट होता.

गुलाबरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बी वाचलं होतं. कोट वाया गेला नव्हता. ते जानरावांच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले. "जानराव, हारलो मी. माणूस कायलेच नाई पायजे वर. तुहा गडी खरा!"

लोक हसले. हलगी पुन्हा सुरू झाली. एवढ्यात एक राघू आला, बुजगावण्याच्या डोक्यावर बसला आणि लिंपणाला चोच मारू लागला.

"बी!" गुलाबराव ओरडले.

"अजी, राहू द्या, मी जाते..." तानाबाई धावली.

पण गोफण बाहेर आली होती. शपथ कुणाला आठवली नाही. तीनदा गरगर फिरली आणि सुटली, आणि अठ्ठावीस दिवसांत पहिल्यांदा गोटा नेम धरला तिकडंच गेला.

राघू उडाला. मडकं फुटलं. दोन पायल्या दाणे कोटावरून खाली सांडले. बांधावरच्या बाभळीवर साठ-सत्तर चिमण्या होत्या, त्या उतरल्या. लोक हाकलायला धावले, तेव्हा गुलाबरावांचे पाय पुन्हा आखडले आणि ते वाटेतच आडवे पडले, म्हणून पहिले सहा जण त्यांच्यावर पडले. मास्तरांनी वही उघडली आणि पाखरांच्या मोकळ्या रकान्यात लिहिलं: साठ ते सत्तर. तानाबाई पोचली तेव्हा कोटाच्या खिशात अकरा दाणे होते. खिसा उंदरानं खाल्लेला होता. उचलताना त्यातून सात पडले.