साहेबांच्या बुटांतले बोळे

साहेबांनी मास्तरांच्या मुलीला मागणी घातली, तिने ती साफ नाकारली आणि वर्षभराने स्वतःच होकार दिला, ही गोष्ट गाव अजून चवीने चघळत असे. नकाराची चिठ्ठी साहेबांकडे आणणाऱ्या, त्यांच्याच घरी कामाला असलेल्या मावशीला मात्र आता त्या गोष्टीचा वीट आला होता. लग्नानंतरची सात वर्षं कोणी सांगत नाही. ती झाडायची, पुसायची असतात, आणि ते काम मावशीचं.

आता गावाला नवा विषय मिळाला होता. लग्नाआधी बाईसाहेबांच्या मागे लागलेला एक लष्करातला माणूस त्यांची जुनी पत्रं घेऊन पुन्हा उगवला, आणि तिसऱ्या दिवशी साहेबांच्या बागेतल्या विहिरीपाशी डोकं फुटून मेलेला सापडला. आदल्या दिवशी साहेबांच्या गाडीवानाची त्याच्याशी बाचाबाची झाली होती, तेवढ्यावर फौजदाराने त्याला बेड्या घातल्या. गाडीवान म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. उद्या त्याला कोर्टापुढे उभं करणार होते, आणि पुढे फाशीच दिसत होती.

तीन दिवस मावशीने एक गोष्ट पोटात ठेवली होती. या घरात बूट संध्याकाळी दाराबाहेर ठेवायचे आणि पहाटे मावशीने पुसून लाकडी साच्यांवर चढवायचे, अशी तीस वर्षांची रीत. प्रेत सापडलं त्या पहाटे साहेबांचे बूट आधीच पुसलेले होते, आतून ओले, आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. बोळे कोंबतात ते साचे न परवडणाऱ्या घरात. मास्तरांच्या घरात, बाईसाहेबांच्या माहेरी, कोंबत.

दुपारी ती वर गेली. गुडघे कुरकुरत होते. तिने बूट बाईसाहेबांसमोर ठेवले.

"हे तुम्ही पुसलेत."

बाईसाहेबांनी नाही म्हटलं नाही. तीन दिवसांत त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"चिखल होता, मावशी. आणि रक्तही."

"साहेबांना विचारलंत?"

"नाही. विचारलं तर ते खरं सांगतील. माझ्याशी ते कधी खोटं बोलले नाहीत."

मावशीची या पोरीवर माया होती, अगदी लेकीसारखी. म्हणूनच तिचा संताप झाला.

"माझा भाऊही खोटं बोलत नाही हो," ती म्हणाली. "तीन दिवस ओरडून सांगतोय, मी नाही मारलं. तुमचं प्रेम एवढं मोठं, की त्याखाली माझा भाऊ चिरडला तरी तुम्हाला ऐकू येऊ नये?"

खाली दिवाणखान्यात साहेब फौजदाराशी बोलत होते, त्यांचा शांत आवाज जिन्यावरून वर येत होता. मावशी बूट उचलायला वाकली, तेव्हा बाईसाहेबांनी तिचा हात धरला.

"राहू द्या. मी नेते. फौजदारांसमोरच त्यांना विचारते."

त्या रडत नव्हत्या. बूट छातीशी धरून उभ्या राहिल्या, आणि मावशीने सवयीने त्यांच्यासाठी दार उघडून धरलं.