आतली कडी

"झोप लागली नाही तर सगळी तपासणी फुकट जाईल," इस्पितळातली तंत्रज्ञ मेघाली म्हणाली आणि केसरीनाथच्या डोक्यावर तारांची टोपी बसवू लागली. रात्रभर जागून यायला सांगितलं होतं, तसा तो शेलार गावाहून जागूनच आला होता. मेंदूचे फोटो काढणारं ते यंत्र फार आवाज करतं, त्यात भल्याभल्यांचा डोळा लागत नाही, हेही तिने सांगून ठेवलं. केसरीनाथला तिची कीव आली. भिवंडीत जन्मभर कापडाचे लूम चालवलेल्या माणसाला आवाजाची भीती घालत होती बिचारी. कारखाना बंद झाल्यापासून घरातली शांतताच त्याला खायला उठायची.

बाहेर बाकावर त्याची बायको गोदूबाई काळानिळा गाल पदराने झाकून बसली होती. केसरीनाथ झोपेत हात मारायचा, लाथा झाडायचा. जागेपणी त्याने तिला शब्दानेही दुखवलं नव्हतं, पण गावाला ते कोण सांगणार? आळीत तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. ती आता स्वयंपाकघरात निजायची, आतून कडी लावून. ती कडी ऐकली की त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

यंत्र खडखडू लागलं आणि केसरीनाथ गाढ झोपला. थोड्या वेळाने मेघालीने डॉक्टरांना काचेतून दाखवलं. डोकं जागच्या जागी होतं, पण चादरीवर त्याची बोटं तुटलेला धागा जोडत होती.

दुपारी डॉक्टरांनी दोघांना समजावलं. तो स्वप्नात आहे हे तारांवरून कळत होतं, आणि मेंदूचे फोटोही त्याच वेळचे होते. स्वप्नात माणसाचं अंग सैल पडतं, तसं याचं पडत नव्हतं. गोळीने फरक पडेल. मात्र अशा काहींना पुढे हातपाय थरथरण्याचा आजार जडतो, तेव्हा येत राहायचं.

"म्हंजे मी हिला मारत न्हाय?" केसरीनाथने विचारलं.

"तुम्ही नाही. हा आजार आहे."

तो तिथेच रडला. थरथरण्याचं त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. गोदूबाईने मात्र ते नीट ऐकलं होतं.

परतताना बसमध्ये तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला, "आयकलंस ना? आजार हाय."

"आयकलंय," ती म्हणाली आणि चारचौघांत त्याचा हात मांडीवर घेऊन बसली.

घरी पोचताच तो आडवा झाला. गोदूबाईने स्वयंपाकघरातून आपली चटई आणली. झोपलेल्या नवऱ्याचा हात हलकेच धरून पुरता लांब केला, बोटं कुठवर पोचतात ते पाहिलं, आणि तिथून वीतभर सोडून चटई अंथरली.